अर्ध्या इंचाची सूट

आमच्या गॅलरीत मोटरसायकलचं एक मागचं चाक आहे. मोटरसायकल नाही. ती माझी कधीच नव्हती. चाकाला टायर आहे, आऱ्या शाबूत आहेत, माप अगदी बरोबर आहे, आणि गेली तीन वर्षं ते तुळशीची कुंडी आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये भिंतीला टेकून उभं आहे. नीता, म्हणजे माझी बायको, त्याच्यावर मोजे वाळत घालते. पाहुणे विचारतात, "हे काय?" मी म्हणतो, "चूक." मग पाहुणे विषय बदलतात. पुण्याहून हैदराबादला आलेला पाहुणा तसाही बिर्याणीच्या विषयावर यायला टपलेलाच असतो.

परवा भंगारवाला दारात आला होता. नीता म्हणाली, "देऊन टाक आता ते." मी नाही म्हणालो. त्यावर तिनं माझ्याकडे जसं बघितलं, त्याचं उत्तर मला तोंडानं देता आलं नाही. म्हणून लिहितो आहे.

चाकाची गोष्ट गजभारे काकांची आहे. काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि ते खाली एकटे राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मिलिंद बंगळूरला. काका मूळचे नांदेडकडचे, बिलोलीच्या पुढच्या एका गावचे. मामाकडे शिकायला म्हणून हैदराबादला आले, इथंच नोकरीला लागले आणि वजनमाप खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आडनावातच गज आणि भार दोन्ही असलेला माणूस नेमका वजनमाप खात्यात लागावा ही खात्याची हुशारी की योगायोग, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "परीक्षा दिली होती."

उंची पाच फूट सव्वादोन इंच. त्यातला सव्वा ते कधी सोडत नसत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि ज्या खिशात बाकीचे लोक पेन ठेवतात तिथं व्हर्नियर कॅलिपर. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण ते एकदा हाताळतो आणि जन्मभरासाठी विसरतो. काका त्याच्यासह जेवायला बसत.

घर बघायला गेलो तेव्हाचीच गोष्ट. मी रुबाबात विचारलं, "बेडरूम किती बाय किती?"

"पावणेअकरा बाय नऊ. दार उघडलं की आठच."

"एजंट तर बारा बाय दहा म्हणाला."

"मग एजंटाच्या घरात राहा की."

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात नीतानं त्यांना जेवायला बोलावलं. काकांनी पोळी हातात घेतली, खिशातून व्हर्नियर काढलं, पोळीला मधोमध लावलं, कडेला लावलं आणि म्हणाले, "वहिनी, मधी दोन मिलिमीटर, कडंला साडेतीन." नीता दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एक ताजी पोळी ताटलीत झाकून त्यांच्याकडे पाठवली. मोजायला. ताटली परत आली तेव्हा तिच्यात गुळाचा खडा होता आणि निरोप होता, "पास."

'अंदाज' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "काका, अंदाजे दहा मिनिटांत आलोच," असं मी एकदा म्हणून गेलो आणि परत आलो तेव्हा ते घड्याळ हातात घेऊन फाटकात उभे होते. "सदतीस," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पण त्यांचा खरा बाणा मला कळला तो हिमायतनगरच्या द्राक्षवाल्यापाशी. त्या हातगाडीवाल्याला सगळ्या शहरात एकाच गिऱ्हाइकाची भीती होती. काका दिसले की तो वजनं सदऱ्याला पुसायचा. त्यानं काटा अगदी सरळ उभा केला, द्राक्षं पिशवीत टाकली आणि वरून एक छोटा घड ठेवला. काकांनी घड उचलून गाडीवर परत ठेवला.

"साब, खुशी से दे रौं," तो कळवळून म्हणाला.

"खुशी कू वजन नै होता," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत, "कमी देणं चूक, तसं जास्त देणं बी चूक. आज खुशीनं जास्त देईल, उद्या कुणाचं तरी खुशीनं कमी करंल."

मी म्हणालो, "पण काका, तंतोतंत कधी होतं का काही?"

"नाही होत. म्हणून कायद्यात सूट असतीया. इतकं इकडं तिकडं चालंल, असं लिहिलेलं असतंय. ते आधी लिहायचं असतंय. नंतर सांगायचं नसतंय."

हे वाक्य मी त्या वेळी द्राक्षं खात ऐकलं. द्राक्षं गोड होती, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आता गाडी. काकांकडे तीसेक वर्षांपूर्वीची एक काळी मोटरसायकल होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिचा काही दोष नव्हता. अंगणात खडूनं आखलेल्या रेघेवर ती उभी असायची. काकांच्या मानानं ती उंच होती. सीटवर बसले की दोन्ही पायांचे चवडे टेकायचे आणि टाचा अधांतरी राहायच्या. किती अधांतरी? बरोबर अर्धा इंच. हे अर्थातच त्यांनीच मोजलं होतं. लोक सांगायचे, साहेब, सीटचा फोम कापून घ्या. काका म्हणायचे, "कंपनीनं जे माप दिलंय ते दिलंय. मी कमी पडतो, त्यात गाडीचा काय गुन्हा?"

वर्षभर ती गाडी भाजीला आणि पेन्शनच्या कामाला जायची. पण तेरा एप्रिलला पहाटे काका तिच्यावरून गावी निघायचे. चौदाला जयंती. एक वर्ष चुकलं नव्हतं. एस.टी. आहे, रेल्वे आहे, मुलाची मोटार आहे. पण नाही, गाडीवरच. मला वाटायचं हौस. पुण्यात आम्ही जात मानत नाही असं सगळेच सांगतात, आडनाव ऐकून झाल्यावर. त्यामुळे अशा बाबतींत आमचं ज्ञान हौसेच्या पुढं जात नाही.

खरी गोष्ट मला मिलिंदनं फोनवर सांगितली. गाडी नवीन घेतली तेव्हा काका वडिलांना मागं बसवून गावात शिरले. चावडीवर तेव्हाचे पाटील बसले होते. त्यांनी हात वर केला. "चावडीपुढनं गाडीवर बसून जातेत व्हय? उतर. ढकलत ने." काका काही बोलायच्या आत वडील मागून उतरले होते. हात जोडून. सरकारी इन्स्पेक्टरनं नवी कोरी गाडी चावडीपुढून ढकलत नेली.

पुढच्या वर्षीपासून दर चौदा एप्रिलला काका गाडीवरून चावडीपुढं यायचे आणि थांबायचे. इंजिन चालू. दोन्ही पाय जमिनीला. मनात दहा अंक मोजायचे आणि मग पहिल्या गियरमध्ये, सावकाश, विहाराकडे. तीस वर्षं एवढंच. भाषण नाही, काही नाही.

"पण मागच्या वर्षी घोटाळा झाला, दादा," मिलिंद म्हणाला. "सातवर गाडी कलली. गुडघे राहिलेत कुठं त्यांचे? आणि त्या पाटलांचाच नातू धावत आला. चांगला पोरगा आहे, जयंतीच्या कमिटीत असतो. त्यानं हँडल धरलं, म्हणाला, काका, सांभाळून. बाबा रात्री जेवले नाहीत. म्हणाले, उतर म्हणले तवा इतकं लागलं नव्हतं, धरलं ते लागलं."

मिलिंदला गाडी विकायची होती. बापलेकांत करार झाला होता: यंदा चावडीपुढं दहा मोजून होईपर्यंत गाडी हलली, तर किल्ली तिथल्या तिथं मिलिंदच्या हातात. तो मोटार घेऊन गावी येणारच होता.

"दादा, तुम्ही जवळ आहात. समजवा ना त्यांना," मिलिंद म्हणाला. मी हो म्हणालो. खाली काका म्हणाले, "मिल्याचा फोन आला तर सांगा, म्हातारा ठणठणीत हाय." त्यालाही हो म्हणालो. हो म्हणण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

मार्चच्या शेवटी माझ्या स्कूटरची बॅटरी बसली. आणि त्याच दिवशी मला आबिड्सच्या मोठ्या पोस्टात एक अर्ज टाकायचा होता, अर्थातच शेवटच्या तारखेचा. मी काकांकडे गाडी मागितली.

"वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"जिन्यावर ब्याऐंशी वाजतंय." मग त्यांनी किल्ली दिली. "चेन नवीन हाय. मागचं ब्रेक हळू दाबा. आणि फुटपाथवर चढवायची नाही, लोक चढवतेत."

अर्ज वेळेत पडला. परतताना ट्रॅफिक तुंबलं. माझ्यापुढच्या स्कूटर एकामागून एक फुटपाथवर चढायला लागल्या. एवढे लोक चुकीचे कसे असतील, असा लोकशाही विचार करून मीही चढलो. चढणं छान झालं. उतरलो ती जागा मात्र गटाराच्या अर्धवट सरकलेल्या झाकणाची निघाली. पुढचं चाक ओलांडून गेलं, मागचं आत गेलं. आणि असा आवाज आला की शेजारच्या चहावाल्यानं गॅस बंद केला.

लोक धावले. त्यांनी गाडी उचलली, उभी केली, झटकली. एकजण हळहळून म्हणाला, "अरे रे, गाडी कू लगी क्या?" मी अजून खालीच होतो.

रिम अंड्यासारखी झाली होती, आठ-दहा आऱ्या तुटल्या होत्या आणि मधला ड्रम चिरला होता. मी गाडी रिक्षा-ट्रॉलीत घालून वाजिदकडे नेली. वाजिद म्हणजे स्टेशनजवळचा मेकॅनिक, काकांचाच नेहमीचा. त्यानं गाडी ओळखली, मग मला बघितलं आणि कानाला हात लावला.

"इन्स्पेक्टर साब की? या अल्ला."

"उद्यापर्यंत दुरुस्त होईल?"

"दुरुस्त क्या होताय साब, ड्रम फट गया. और इस साल का चक्का अब मिलता नै. उसके छे साल बाद की गाडी का है मेरे पास. लगताय."

"सेम आहे?"

"एकीच कंपनी, एकीच नाम, एकीच गाडी. साल का क्या है साब, साल तो हर साल बदलताय."

इथं माझ्या शिक्षणाबद्दल सांगायला हवं. मी संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो. एका आवृत्तीचा तुकडा दुसऱ्या आवृत्तीत बसवू नका, हे मी रोज आठ तास लोकांना सांगतो आणि त्याचाच पगार घेतो. मी वाजिदला म्हणालो, "बसव."

ॲक्सल सुरळीत गेला. ब्रेकच्या बाजूचा बुश, म्हणजे चाक आणि फाट्याच्या मधलं लोखंडी नळकांडं, जरा आखूड पडला. वाजिदनं दोन वायसर घालून जागा भरली. चेन ओढली, चाक हातानं फिरवलं. "हौ साब, बैठ गया."

"वाजिदभाई, काकांना सांगू नका हं."

"मैं नै बोलता," वाजिद हात पुसत म्हणाला. "चक्का बोलताय."

टायर जरा नवा दिसत होता. मी त्याच्यावर चहाचं पाणी ओतलं आणि गल्लीतली माती चोळली. ज्या माणसानं तीस वर्षं दुकानदारांच्या मापांची खोटी बुडं ओळखली, त्याला मी चहाच्या पाण्यानं फसवणार होतो. गाडी खडूच्या रेघेवर उभी केली. एक नवलाची गोष्ट झाली: डबल स्टँडवर चढवताना ती फार जड लागली. मी म्हटलं, दमलो असेन.

पुढचे दिवस मी वरच्या गॅलरीतून खाली बघत काढले. काका संध्याकाळी अंगणात यायचे, बंद गाडीवर बसायचे, पायांकडे बघायचे. मग उतरायचे, चपला काढून बूट घालून यायचे, परत बसायचे. एकदा त्यांनी चप्पल हातात घेऊन तळव्याची जाडी मोजली. एकदा अंगणाच्या फरशीवर पाणी ओतून ते कुठं वाहतं ते बघितलं. चौथ्या दिवशी मी जिन्यात सापडलो.

"बापट, एक विचारू? माणूस म्हातारपणी वाढतो का?"

"वाढतो म्हणजे?"

"उंच. पायानं." ते अगदी गंभीर होते. "माझ्या टाचा टेकायल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा."

"हाडं... सैल होत असतील, काका."

"व्हय. तेच म्हणलं. कारण हात बी बारीक झालेत. डबल स्टँडला गाडी उचलंना गेली. पाय लांब झाले, हात गेले." मग जरा हसून म्हणाले, "पण चालंल. चावडीपुढं पायाचंच काम हाय."

मी वर येऊन नीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता खाली जा आणि खरं सांग." मी म्हणालो, "उद्या." गाडीवर संशय घ्यायच्या आधी स्वतःच्या हाडांवर संशय घेणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. आणि त्याच्या तोंडावरचा आनंद मला दिसत होता. तो मला खरं सांगू देत नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

उद्या आलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खालून हाक आली, "बापटसाहेब, खाली या." साहेब म्हटलं की काही खरं नसायचं.

अंगणात फरशीवर दोन खडूच्या खुणा होत्या. काकांनी टायरवर एक खूण केली होती, गाडी एक पूर्ण वेढा पुढं ढकलली होती आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं होतं. शेजारी त्यांची जुनी वही उघडी होती. त्या वहीत, गाडी घेतली त्या वर्षी, असंच मोजून लिहून ठेवलेलं होतं.

"मी वाढलो नाही," काका म्हणाले. "चाक लहान झालंय. चाक आपोआप लहान होतंय का?"

मी सगळं सांगून टाकलं. पोस्ट, फुटपाथ, झाकण, वाजिद. चहाचं पाणीसुद्धा. मला वाटलं ओरडतील. काकांनी आत जाऊन कागद आणला आणि पंचनामा लिहायला घेतला. वाजिदला बोलावणं गेलं. अंगणात, खुर्चीवर बसून, तीस वर्षांच्या सवयीच्या अक्षरात त्यांनी गाडीचं वर्णन, चाकाचं माप, आरोपीचं म्हणणं असं सगळं लिहिलं. आरोपी म्हणून मी सही केली, पंच म्हणून वाजिदनं केली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. सही करताना तो मला हळूच म्हणाला, "बोला था ना साब, चक्का बोलताय." मग काकांनी मागच्या चाकातून सुतळी ओवली, गाठ मारली आणि गाठीवर लाख ओतली. गाडी जप्त. त्यांचीच गाडी, त्यांच्याच अंगणात.

"आणि तेरा तारीख?" मी विचारलं.

"बरोबर मापाचं चाक आणा. नाहीतर मिल्याला किल्ली."

मी आणि वाजिद पुढचे दिवस हैदराबाद पालथं घालत होतो. मी रजा टाकली. बरोबर सालाचं चाक कुणाकडंच नव्हतं. शेवटी अकरा तारखेला वाजिदच्या मेव्हण्याच्या ओळखीतून एक मिळालं, त्याच सालाचं, जराही न वाकलेलं. मी ते डोक्यावर घेतल्यासारखं मिरवत आणलं आणि अंगणात गाडीशेजारी भिंतीला टेकवलं. काकांनी मोजलं. बरोबर होतं. त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसून राहिले.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे चाक बसलं की टाचा परत अधांतरी. परत चवडे, परत सातवर गाडी कलणार, परत पाटलांचा नातू धावणार.

मी म्हणालो, "काका, चुकीचंच राहू द्या ना. त्याच्यावर तुमचे पाय टेकतात."

"म्हंजे कमी मापाचा माल मी वापरायचा?"

"अर्धा इंच, काका! कुणाला कळणार आहे?"

जगातली सगळी वाक्यं सोडून मी हेच बोललो. काका उठून उभे राहिले. "हेच वाक्य नोकरीभर ऐकलं मी. प्रत्येक दुकानदार हेच म्हणतोय. तुम्ही बी म्हणलाव." आत गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाराला सकाळी, मी चोरासारखा जिना उतरलो. काका गाडीच्या मागं पाटावर बसले होते. लाखेचं सील तुटलेलं होतं. चाक तेच होतं, माझंच, चुकीच्या सालाचं. काकांच्या हातात पांढऱ्या रंगाची डबी आणि बारीक ब्रश होता आणि मागच्या मडगार्डवर ते सुबक अक्षरांत लिहीत होते:

मागचं चाक लहान आहे. सीट अर्धा इंच कमी.

"बापट, ओळ सरळ आलीया का बघा," ते म्हणाले.

"काका, हे काय?"

"कमी असणं गुन्हा नाही. कमी असून पुरं म्हणून खपवणं गुन्हा हाय. डब्यावर वजन लिहिलेलं असलं की गिऱ्हाइकाची तक्रार नसतीया."

"पण गावात सगळे वाचतील."

"त्यांनीच तर वाचायचं हाय." त्यांनी ब्रश परत डबीत बुडवला. "तीस वर्षं त्यांच्यापुढं पाय टेकले, पुऱ्या मापाचे. यंदा अर्धा इंच सूट घेऊन टेकणार. सांगून टेकणार."

मी बाजूच्या भिंतीला टेकलेल्या बरोबर चाकाकडे बघितलं. "मग हे?"

"ते तुमचं. पुऱ्या मापाचं हाय. जपा."

वाजिद आला तेव्हा काकांनी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरा ताणला. मागचं चाक डावीकडे सरकलेलं निघालं, वायसरांची करामत. वाजिद म्हणाला, "इत्ता चलताय साब."

"कम चलताय," काका म्हणाले. "तिरपा नै चलता."

वाजिद बरोबर मापाचा बुश लेथवर कातून घ्यायला गेला. दुपारपर्यंत दोरा चारही ठिकाणी टेकला.

चौदाला दुपारी मिलिंदचा फोन आला. मी भीत भीत उचलला. म्हणाला, "दादा, चावडीपुढं थांबले. दहा मोजून झाले. गाडी हलली नाही. पण मग तो पाटलांचा नातू मागं जाऊन वाचायला लागला आणि विचारलं, काका, हे काय लिहिलंय? झालं! बाबांनी तिथंच, गाडीवर बसल्या बसल्या, त्याला माप म्हणजे काय, सूट म्हणजे काय, सगळं समजावलं. वीस मिनिटं. मिरवणूक अडकली. दोन्ही पाय जमिनीवर. आणि तो पोरगा हाताची घडी घालून ऐकत होता."

"आणि किल्ली?"

"कसली किल्ली. ते म्हणतायत आता इथंच राहतो. इथल्या बाजारात वजनं बघण्यासारखी आहेत."

खरंच ते तिथंच राहिले. सामान न्यायला आले तेव्हा मी पुण्याला गेलो होतो. वर ताटलीत गुळाचा खडा ठेवून गेले. पुढच्या जानेवारीत मिलिंदचा पुन्हा फोन आला, तो फार लांबला नाही. झोपेत गेले, म्हणाला. गाडी गावीच आहे. मडगार्डवरचा रंग तिथल्या पोरांनी एकदा परत गिरवून घेतलाय.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तेरा तारखेच्या सकाळी. ते निघाले आणि पाठोपाठ नीता ओरडली, "अरे, त्यांचं ते यंत्र राहिलं!" ओट्यावर व्हर्नियर पडलेलं. मी ते घेतलं, स्कूटरला किक मारली, बॅटरी नवीन होती, आणि चौकातल्या सिग्नलला त्यांना गाठलं. गाठलं म्हणजे तीन गाड्या मागं. मधे दोन स्कूटर, शेजारी एक ऑटो. हाक मारणार होतो. पण तेवढ्यात मला त्यांचे पाय दिसले. पॉलिश केलेले काळे बूट, आणि दोन्ही टाचा डांबरावर सपाट. बुटाच्या आणि रस्त्याच्या मधे काही नव्हतं. माझ्या हातात व्हर्नियर होतं आणि मोजायला काही शिल्लक नव्हतं. मी हाक मारली नाही.

शेजारचा ऑटोवाला मडगार्डकडे बोट दाखवून म्हणाला, "भाई, वो बुड्ढे की गाडी पे क्या लिखा है?"

मी सांगितलं, "पिछला चक्का छोटा है. सीट आधा इंच कम."

तो म्हणाला, "तो सबकू बोलते कैको?"

सिग्नल हिरवा झाला. काकांनी दोन्ही टाचा एकदम उचलल्या आणि गाडी सरळ गेली.